कूलंट : इंजिनासाठी औषध, माणसासाठी विष

एप्रिल लागला की नागपूरकर कूलर धुऊन काढतो. वाळ्याच्या ताट्या बदलतो, मोटर चालते की नाही ते पाहतो, टाकीला गळती असेल तर डांबर लावतो. त्याच घराच्या दारात उभ्या असलेल्या गाडीतल्या कूलंटकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. काटा लाल रेषेकडे सरकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली, की मग आठवण होते. तेव्हा बाटलीतले प्यायचे पाणी ओतून वेळ मारून नेली जाते आणि पुढचे वर्षभर तेच पाणी इंजिनात फिरत राहते.

नागपूरच्या उन्हाचा इंजिनावर होणारा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. (मे २०२४ अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली, तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले.) चालत्या इंजिनातले कूलंट साधारण ९५ अंशांच्या आसपास असते. रेडिएटर ही उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि ती किती वेगाने जाईल हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. जानेवारीच्या सकाळी बाहेर १५ अंश असतील तर हा फरक ८० अंशांचा असतो. मेच्या दुपारी ४७ अंशांत तो ४८ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता फेकण्याची ताकद जवळपास ६० टक्क्यांवर. त्यात एसी पूर्ण क्षमतेने चालू आणि गाडी समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगाने तासन् तास धावणारी. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला आहे. अशा प्रवासात कूलंटमध्ये राहिलेली कसूर लपत नाही.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ कशाला?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो, आणि तो अगदीच अडाणीपणाचा नाही. कूलंटमधला मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल. थंड देशांत तो पाणी गोठू नये म्हणून वापरायला सुरुवात झाली. निव्वळ उष्णता वाहून नेण्याच्या कामात तर साधे पाणीच सरस आहे. एक लिटर पाणी जेवढी उष्णता उचलते, तेवढी निम्मे ग्लायकॉल मिसळलेले द्रावण उचलत नाही. तरीही कूलंट लागते, कारण पाणी उकळते. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोड्या अधिक उंचीवरच्या नागपुरात ते ९९ अंशांनाच उकळते. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू सुमारे १०७ अंश असतो आणि रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या दाबाखाली तो १२५च्या पुढे जातो. वाफेचा बुडबुडा धातूला थंड करू शकत नाही. तो जिथे अडकतो तिथे सिलिंडर हेड तापून वाकते. दुरुस्तीचा खर्च मग हजारांत होतो.

यातूनच दुसरी चूक होते. ग्लायकॉल चांगले, तर शंभर टक्के घालू! तसे करू नये. पाणी जितके कमी, तितकी उष्णता वाहण्याची क्षमता कमी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाण पाळावे. ‘प्रिमिक्स’ लिहिलेल्या कॅनमध्ये पाणी आधीच मिसळलेले असते, त्यात आणखी पाणी घालायचे नसते. ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये मात्र घालावेच लागते, आणि तेही डिस्टिल्ड. विहिरी-बोअरवेलच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चहाच्या भांड्यात पांढरा थर सोडतात, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळाचे पाणी ‘प्यायला चालते’ म्हणून इंजिनाला चालते असे नाही.

कूलंटचा खरा जीव असतो गंजरोधक रसायनांत, आणि निवड तिथेच करायची असते. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट-फॉस्फेटसारखे क्षार धातूवर पटकन संरक्षक थर देतात, पण दोनेक वर्षांत संपतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी कूलंट्स, ज्यांना ‘ओएटी’ म्हणतात, सावकाश संपतात. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात. मधली संकरित जातही आहे, आणि तिच्यातही जपानी-कोरियन कंपन्यांचा कल फॉस्फेटकडे, तर युरोपीय कंपन्यांचा सिलिकेटकडे. बाजारात आपण विचारतो मात्र ‘हिरवे द्या’ किंवा ‘गुलाबी द्या’. रंग हा उत्पादकाने घातलेला रंगच असतो. त्याला कोणतेही मानक नाही. एका कंपनीचे हिरवे जुन्या पद्धतीचे, तर दुसरीचे नव्या. म्हणून पुस्तिकेत लिहिलेला प्रकार किंवा मानक कॅनवर छापलेले आहे का, एवढेच बघावे. भारतीय मानक आयएस ५७५९ किंवा जपानी जेआयएस के २२३४ असे उल्लेख त्यावर असतात. काहीच छापलेले नसेल, तर तो कॅन कितीही स्वस्त असो, परत ठेवावा.

माझ्या स्वतःच्या गाडीत एका कारागिराने गुलाबीत हिरवे ओतले होते. ‘साहेब, सगळे एकच असते,’ असे म्हणून. वर्षभराने टाकीच्या तळाशी चहाच्या रंगाचा गाळ सापडला. दोन प्रकार मिसळले की दरवेळी असा गाळ होतोच असे नाही. बहुतेकदा दोघांची गंजरोधक शक्ती फक्त निकामी होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आत काय आहे हे माहीत नसेल तर वरून भर घालण्यापेक्षा पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवे भरणे शहाणपणाचे. भरताना हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून हवा बाहेर काढतात. कारागीर ही पायरी गाळतो आहे असे दिसले तर टोकावे. गाडी पूर्ण थंड असताना पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच शंभरच्या वर तापलेले द्रव क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येते. आणि डॅशबोर्डमधून गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुके साचत असेल, तर आतल्या हीटरमधून गळती होत आहे असे समजावे.

गोडसर. हा शब्द इथे गंभीरपणे घ्यावा लागतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. एक-दीड वर्षाच्या मुलासाठी दोन-तीन चहाचे चमचेही प्राणघातक ठरू शकतात. यकृत त्याचे रूपांतर आम्लांत करते, शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होते आणि ते कॅल्शियमशी मिळून मूत्रपिंडात स्फटिक बनते. याचेच भावंड डायइथिलीन ग्लायकॉल. ग्लायकॉल तयार होताना तेही सोबत तयार होते. कूलंट आणि ब्रेक ऑइलच्या उद्योगात ते सर्रास वापरले जाते.

नागपूरला या भावंडाची ओळख करून द्यायची गरज उरलेली नाही. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून मूत्रपिंडे निकामी झालेली लहान मुले एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. त्यांना खोकल्यासाठी दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपमध्ये तमिळनाडूच्या औषध विभागाला ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. मर्यादा ०.१ टक्का असते. वीसहून अधिक मुले दगावली. महाराष्ट्राने हे आधीही पाहिले होते: १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. औद्योगिक द्रव औषधात शिरू नये ही जबाबदारी कारखान्याची आणि सरकारी तपासणीची. तिथे सामान्य माणूस हतबल असतो. आपल्या गॅरेजमधल्या कॅनबाबत तो तसा नाही.

घरात उरलेले कूलंट बहुधा शीतपेयाच्या बाटलीत भरून पायरीखाली ठेवले जाते. हिरवे किंवा गुलाबी, चमकदार, सरबतासारखे. ते मूळ कॅनमध्येच, कुलूपबंद ठेवावे. अंगणात सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात. जुने कूलंट गटारात सोडू नये. त्यात इंजिनातून आलेले जड धातू असतात आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान, तिथून वैनगंगा आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. ते बंद डब्यात भरून अधिकृत सेवा केंद्राला परत द्यावे.

मुलाने ते प्यायल्याची नुसती शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट बघू नये. सुरुवातीला मूल फक्त दारू प्यायल्यासारखे झुलते, ओकते, मग काही तास बरे वाटते. मूत्रपिंडे बंद पडतात ती एक ते तीन दिवसांनी. फोमेपिझोल हे त्यावरचे प्रतिविष आहे, ते नसेल तर डॉक्टर देखरेखीखाली इथेनॉल देतात आणि डायलिसिस करतात. पण हे सारे पहिल्या काही तासांत सुरू झाले तर उपयोगाचे. घरी उलटी काढू नये, दुसरे काही पाजू नये. १०८ला फोन करावा आणि रुग्णालयात जाताना तो कॅन सोबत न्यावा, म्हणजे नेमके काय पोटात गेले हे डॉक्टरांना लेबलवरून कळेल.