पोरांचंही ऐकून घेऊ या



गावोगावच्या प्राथमिक शाळांत मंत्रिमंडळ असते. गुरुजी नावे वाचतात, टाळ्या पडतात. पुढे वर्षभर त्या मंत्र्यांना कोणी काही विचारीत नाही. आपल्याला हे नवे नाही. वार्षिक सभेत विषय वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर आपणच करतो की! ही सवय लहानपणीच लागते, असे आम्हांस वाटते.

मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, हे तपासणीच्या साहेबांना दिसत नाही. चौथीतल्या पोरीला रोज दिसते. हंगामात शाळा सुटतानाच उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत फाटकापुढून जातात. ऊस आपला, अन् पोरंही आपलीच.

मुलांचे म्हणणे ऐकावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आहे. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. म्हणजे ऐकायचे कोणी? आपणच.

आमची सूचना साधी आहे. मंत्रिमंडळ मुलांनीच चिठ्ठ्या टाकून निवडावे. शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच, तसेच तिथेही. बागायतदाराच्या पोराला एक, शेतमजुराच्या पोराला एक. महिन्याला बैठक व्हावी, ठराव वहीत लिहावा आणि समितीने त्याला उत्तर द्यावे. जमत नसेल तर का जमत नाही, तेही सांगावे.

असे पोर उद्या ताळेबंद वाचून आपल्या सभेत उभे राहील. तेव्हा संचालकांना थोडा घाम फुटेल. फुटू द्या, कारखाना त्यानेच टिकेल.