जिल्ह्याच्या अर्थकारणाचा धनी कोण?

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्या एका सालात जी कामाची वाटणी होऊन गेली, ती आजतागायत मोडलेली नाही. शाळा, दवाखाने, पाझर तलाव आणि गावरस्ते परिषदेच्या पदरी पडले. भूखंड, कारखाने आणि भांडवल यांचे निर्णय मुंबईच्या दफ्तरात राहिले. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा विचार करता ही वाटणी आता बदललीच पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

परिषदेला अर्थव्यवहार झेपणार नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी मार्गशीर्षातील वद्य पक्षात लोहा तालुक्यातील माळेगावी एकवार जावे. खंडोबाच्या त्या यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषदच पाहते. घोडे, गाढवे आणि उंट यांच्या गर्दीतून वाट काढीत पुढे गेले की तांबूस अंगाचे लाल कंधारी बैल दावणीला उभे दिसतात. घेणारा दात तपासतो, पाठीवर थाप मारतो, चार पावले चालवून पाहतो आणि अखेर उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो. परिषद तेथे पशुप्रदर्शन भरविते, उत्तम जनावरांना बक्षिसे देते. परंतु लाल कंधारी आणि देवणी हे दोन नामांकित गोवंश ज्या भूमीत निपजले, तेथे पैदाशीपासून विक्रीपर्यंतची सलग योजना हा परिषदेच्या अंदाजपत्रकाचा कणा असावयास हवा; यात्रा उठली की परिषदेचे हे कर्तृत्व संपता कामा नये.

तुरीचेही तसेच. लातूरच्या डाळमिलांचा लौकिक देशभर आहे, आणि निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ व पानचिंचोलीची चिंच यांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते. पण गावोगावी वाळवणीचे ओटे, गोदामे आणि बचत गटांना प्रतवारीची यंत्रे मिळाल्यावाचून त्या नावाचा पैसा उत्पादकाच्या घरी येत नाही. ही कामे परिषदेच्या आवाक्यातील आहेत, मात्र जमीन महसुलावरील उपकरासारख्या तुटपुंज्या स्वउत्पन्नातून ती होणार नाहीत.

मराठवाड्याने आजवर आपल्या दैन्याची मोजदाद फार चिकाटीने केली. प्रादेशिक अनुशेष मोजणारा 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल आला, 1994 साली वैधानिक विकास मंडळ आले आणि 2020 साली त्याची मुदतही सरली. अनुशेषाची ती मागणी सर्वस्वी न्याय्य होती. तथापि मागून आणलेला पैसा कोठे आणि कोणत्या क्रमाने लावावयाचा, हे ठरविणारी जिल्ह्याची स्वतःची बुद्धी तिच्यासोबत उभी राहिली नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याला अवर्षण कारण होतेच. पण आधी पाणी आणि मग पीक व उद्योग, असा क्रम लावणारे कोणी जिल्ह्यात नव्हते, हेही तितकेच खरे.

वस्तुतः राज्यघटनेने असा क्रम लावणाऱ्याची जागा आखून ठेवली आहे. अनुच्छेद 243 झेडडी अन्वये जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य परिषदेच्या व नगरपालिकांच्या लोकनियुक्त सदस्यांतून निवडलेले असावे लागतात. मार्च 2022 मध्ये दोन्ही परिषदांच्या मुदती संपल्या, निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. साहजिकच समितीतील ग्रामीण भागाची आसने रिकामी पडली. उरले पालकमंत्री, आमदार, अधिकारी आणि मार्चअखेरची खर्चाची घाई. प्रशासक प्रामाणिक असतील, पण माळेगावच्या बाजारात किंवा निलंग्याच्या खळ्यावर जाब द्यावयास ते बांधील नाहीत.

म्हणून परिषदेच्या निवडणुका यापुढे एक दिवसही लांबणीवर पडू नयेत, जिल्हा वार्षिक योजनेतील ठरावीक हिस्सा परिषदेने स्वतः आखलेल्या उत्पादक कामांसाठी कायद्याने राखून ठेवावा, आणि परिषदेच्या मतदार गटात मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांनी आधी त्याची अर्थयोजना विचारावी.