साडूंची मळमळ

परवा वेरुळास, कैलासाच्या अंगणातल्या दगडी हत्तीपाशी आमचे साडू पोट धरून मटकन खाली बसले. सिगारेट सुटावी म्हणून घेतलेल्या व्हरेनिक्लिनच्या गोळीने त्यांना मळमळत होते. त्याच गोळ्यांनी माझी सिगारेट विनातक्रार सुटलेली. तेव्हा ‘भारीच नाजूक बुवा तुम्ही!’ असे मी म्हणून गेलो. परतल्यावर डॉक्टरांनी मलाच सुनावले. निकोटिनचा निचरा करणारे यकृतातले विकर कुणाचे चपळ, कुणाचे मंद. हा वारसा बव्हंशी आईबापांचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत मंदांना या गोळ्यांचा त्रास अधिक झाला. चपळांना मात्र त्या निकोटिनच्या पट्टीहून अधिक लागू पडल्या. डॉक्टरांनी साडूंना पट्टी दिली आहे. मेहुणीबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.