साल नसलेली नोंद : मराठेशाहीची पत्रे, युनिक्सचा लॉग आणि औंढा नागनाथ

१/ संगणकातील लॉग म्हणजे अडगळ, जागा भरली की खुशाल पुसावी, हे मत सर्रास ऐकू येते. इतिहासाच्या अभ्यासकाने तरी ते मान्य करू नये. लॉग हे यंत्राचे दप्तर आहे.

२/ मराठेशाहीतील कित्येक पत्रांवर ‘छ’, चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना एवढेच आढळते, साल नसते. लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. वि. का. राजवाड्यांपासूनच्या संशोधकांना मात्र मजकुरातील संदर्भ व जंत्री जुळवून साल ठरवावे लागले. साल चुकले की मोहिमेचा क्रमच बिघडतो.

३/ १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे सेंडमेलसाठी ‘सिसलॉग’ रचला. पुढे तीच युनिक्सची नोंदवही झाली. तिच्या रूढ नोंदीत महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असतात. साल नाही! कारकुनाची तीच चूक, तेच कारण. २००९ च्या ‘आरएफसी ५४२४’ मानकाने साल दिले. तरी जुनी रीत अजून नांदते आहे.

४/ दुसरा दोष विस्मरणाचा. सिस्टमडीची साठवण ‘ऑटो’ असेल आणि ‘व्हार-लॉग’मध्ये ‘जर्नल’ फोल्डर नसेल, तर नोंदी केवळ मेमरीत राहतात. संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला की बिघाडाचा पुरावाच नाहीसा! म्हणून आधी तो फोल्डर निर्माण करावा, डिस्क भरली नाही ना ते पाहावे, घड्याळ एनटीपीने जुळवावे. मग दोष शोधावा.

५/ ‘सगळेच जपले तर डिस्क पुरेल का?’ हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठीच लॉगरोटेट आहे. मुदत ठरवून जुन्या नोंदी काढणे हा कारभार. न पाहता पुसणे हा निव्वळ हलगर्जीपणा.

६/ ‘एवढ्या काटेकोरपणाची गरज काय?’ याचे उत्तर हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोच्या दोन केंद्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा दोन्हीकडील वेळांत अंतर होते सुमारे ७ मिलिसेकंदांचे. घड्याळे जुळलेली नसती, तर दोन्ही खुणा एकाच लहरीच्या हे सिद्ध झाले नसते. तो संकेत कृत्रिमरीत्या घातलेला नाही, हेही यंत्रणेच्या नोंदी तपासूनच ठरले.

७/ उद्या हिंगोलीच्या मातीत जो शोध लागेल, त्याचे अस्सल साधन अशाच नोंदी असतील. साल नसलेल्या पत्रांवर वाद घालणाऱ्या तरुणांनी आपल्या टेबलावरील संगणकात तरी साल, घड्याळ आणि दप्तर नीट ठेवावे.