भिंतीपलीकडचा बेस

गेल्या ईदला घरी सबवूफर घेतला. नेरूळमधली सिडकोची जुनी इमारत, हॉल जेमतेम दहा बाय पंधराचा. दुकानातून आलेल्या मुलाने तो कोपऱ्यात ढकलला, वायर जोडली आणि आवाज वाढवून दिला. लाद्या थरथरल्या, पोरं खूश झाली.

महिनाभराने शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "अरे, तुमचा पिक्चर कधी संपणार ते आधी सांगत जा, म्हणजे मी त्यानंतरच आडवी होईन." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मी मोबाइलच्या अ‍ॅपवर त्यांच्या घरातला आवाज मोजला. आकडा मर्यादेतच होता. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल चालतात. पण मेख मोजणीत आहे. ही मोजणी 'ए' पद्धतीची असते आणि ती खालचे सूर फार कमी धरते. 50 हर्ट्झच्या आवाजातून जवळपास 30 डेसिबल वजा होतात. काकूंच्या उशाशी जे धडधडत होतं, ते आकड्यात फारसं उतरतच नव्हतं.

मशिदीचे भोंगे आणि मिरवणुकीचे डीजे यांवर आपण तावातावाने बोलतो. स्वतःच्या हॉलमधल्या खोक्यावर मात्र कुणी बोलत नाही. 'नियमात बसतं' एवढं शेजाऱ्याला सांगणं पुरेसं नाही, असं माझं मत आहे.

मग मी जोडणी पुन्हा केली. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवला आणि सबवूफरवरचं तेच बटण पूर्ण उघडलं, नाहीतर एकच आवाज दोनदा गाळला जातो. कोपऱ्यात बेस फुगतो, पण घुमतोही. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब, म्हणजे आमच्या हॉलहून मोठी. त्यामुळे बेस एका जागी साचतो, तर दुसऱ्या जागी गायब होतो. यावरचा जुना उपाय असा: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे बेस सर्वांत स्वच्छ, तिथे खोका. मला ती जागा काकूंच्या भिंतीपासून दूर, टीव्हीच्या डावीकडे सापडली. फेजचं बटण 0 आणि 180 वर फिरवून जे भरीव वाटलं ते ठेवलं. आता कमी आवाजातही पुरेसा बेस येतो.

खाली जाड रबर घातलं. त्याने लादीत उतरणारा थरकाप कमी होतो, हवेतून जाणारा बेस मात्र थांबत नाही. त्यासाठी आवाजच कमी करावा लागतो.

शेवटी मी काकूंच्या सोफ्यावर जाऊन बसलो. मुलगा घरून फोनवर आवाज उतरवत गेला. काकूंनी "आता नाही येत" म्हटलं, तिथे त्याने बटणावर पेनाने खूण केली. रात्री दहानंतर सबवूफर बंद.

सबवूफर कुठे ठेवायचा, हे आपल्या कानाने ठरवावं. किती वाजवायचा, हे शेजाऱ्याच्या कानाने.