गर्भपाताची गोळी : आधी काय माहीत असावे

गर्भपाताचे ‘किट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाकिटात पाच गोळ्या असतात : एक २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोनची आणि चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हे पाकीट विकण्यास मनाई आहे. तरीही २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील सुमारे १ कोटी १५ लाख रुग्णालयाबाहेर, केवळ गोळ्यांनी झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. एवढ्या स्त्रियांत जैन समाजातील कोणीच नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

जैन आचारात गर्भपात हा पंचेंद्रिय जीवाचा घात मानला जातो. मुनिश्रींच्या व साध्वीजींच्या प्रवचनांत याविषयी संदिग्धता नसते, आणि तो विचार खोडून काढणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु घरात या विषयाचा उच्चारही होत नसल्याने अडचणीत सापडलेली सून डॉक्टरांकडे जातच नाही. इतवारीतील ओळखीच्या दुकानात ती जाणार तरी कशी? मग दूरच्या एखाद्या मेडिकलमधून कोणाकरवी तरी पाकीट येते. पुढचा रक्तस्रावही लपून राहतो. मासिक धर्मात बाजूला बसण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथे तर तिला कोणी फारसे विचारीतही नाही. ती भोवळ येऊन पडते तेव्हा घराला कळते.

हीच औषधे, ज्या गर्भाचे हृदय आधीच थांबले आहे तो बाहेर पडावा म्हणूनही दिली जातात. अशा स्त्रीच्या चिठ्ठीवरील औषधाचे नाव वाचून कुजबुज होते, हा तिच्यावर अन्याय आहे. तेथे घात होण्यास जीव उरलेलाच नसतो.

गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकल्यापासून नव्हे. किटला मान्यता नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंतच आहे. पाळी अनियमित असलेल्या किंवा बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचा हा हिशेब सहज चुकतो. म्हणून आधी सोनोग्राफी करावी. तिचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. गर्भ कधी कधी गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजतो. त्यावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. गोळ्यांनी थोडे रक्त जाते, काम झाले असे वाटते, आणि आत नळी फुटून पोटात रक्त साचते. बाहेर त्याची खूण फारशी दिसत नाही. पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्यात दुखणे, घेरी येणे ही लक्षणे दिसताच एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

हिमोग्लोबिन व रक्तगटाची तपासणीही आधीच व्हावी. वर्षीतप वा आयंबिलची ओळी नुकतीच पूर्ण झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तांबी बसवलेली असणे, पूर्वीचे सिझेरियन, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे, रक्त न गोठण्याचा विकार, यांतले काहीही लपवू नये.

पहिल्या गोळीनंतर २४ ते ४८ तासांनी उरलेल्या चार घ्यावयाच्या असतात. त्यानंतर काही तासांतच कळा व पाळीपेक्षा अधिक रक्तस्राव सुरू होतो, गाठीही पडतात. पुढे थोडे थोडे रक्त सुमारे दोन आठवडे जाऊ शकते. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीने दुसरा डोस सकाळी घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. तरीही रात्री पाणी वा वेदनाशामक लागू शकते. पच्चक्खाणात प्रकृतीसाठी आगार असतो, हे साध्वीजींना विचारून घेता येईल. तासाला दोन मोठे पॅड याप्रमाणे सलग दोन तास भिजले, एक दिवसाहून अधिक ताप राहिला, दुर्गंधीयुक्त स्राव झाला, किंवा दुसऱ्या डोसनंतर २४ तासांत रक्तच गेले नाही, तर थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी अत्यावश्यक आहे. नेमकी हीच भेट बहुधा टाळली जाते. काही स्त्रियांत गर्भपात अपुरा राहतो व गर्भाशय रिकामे करावे लागते. क्वचित गर्भ तसाच वाढत राहतो, आणि या औषधांनी त्याच्यात व्यंग येण्याचा धोका असतो. पुढे मूल होत नाही ही मात्र अफवा आहे. उलट पुढची पाळी येण्यापूर्वीच पुन्हा गर्भ राहू शकतो.

याविषयीच्या १९७१ च्या कायद्याची पायाभरणी ज्या समितीने केली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री होते. त्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे. पतीची वा सासूची सही लागत नाही. याची दुसरी बाजूही घराघरांत ठाऊक असावी : तिची इच्छा नसताना तिला गोळी घ्यायला लावणे हा गंभीर गुन्हा आहे. तिचे नाव अनधिकृतपणे उघड करणाऱ्या डॉक्टरलाही शिक्षा होऊ शकते.

समाजातील ज्या कुटुंबांची औषधांची दुकाने आहेत, त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा. २०१२ मध्ये परळीचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघड झाल्यावर राज्यात तपासण्या कडक झाल्या आणि अनेक दुकानदारांनी हे किट ठेवणेच बंद केले. वस्तुतः नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत लिंग कळत नाही. कोणी धर्मभावनेने हा माल न ठेवण्याचे ठरवले, तर ते समजण्यासारखे आहे. ठेवणाऱ्याने मात्र चिठ्ठीविना देऊ नये, चार पैसे जास्त मिळतात म्हणून तर मुळीच नाही. आणि चिठ्ठीविना आलेल्या स्त्रीला नुसते परत न पाठवता डागा स्त्री रुग्णालयाचा रस्ता सांगावा. इतवारीपासून ते काही दूर नाही.