चावरं कुत्रं: सुधारायचं, कोंडायचं की संपवायचं?

कुत्रा चावल्याची बातमी साइटवर टाकली की पाच मिनिटांत कमेंट्सचे दोन ढीग तयार होतात. एका ढिगात ‘सगळ्यांना गोळ्या घाला’, दुसऱ्यात ‘माणसंच खरी जनावरं’. हे दोन्ही ढीग वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. ज्याने चावा घेतला त्या एका कुत्र्याचं पुढे काय करायचं, यावर तिथे जवळपास कोणीच बोलत नाही. सगळे बोलतात ते ‘कुत्री’ या अख्ख्या जमातीबद्दल.

आणि अडलंय ते नेमकं त्या एका कुत्र्यापाशीच. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटनांची नोंद झाली. महाराष्ट्रातल्या त्यापैकी ४ लाख ८५ हजारांच्या घरात, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. यातले बहुतेक चावे एकदाच होतात आणि विसरले जातात. पण प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक तालुक्याच्या गावात एखादं कुत्रं असं असतं की ज्याची तक्रार तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येते. त्याचं काय?

माझं मत आधीच सांगतो. चावरी म्हणून बदनाम झालेली बरीचशी कुत्री सुधारता येतात, निदान सांभाळता तरी येतात. थोडी येत नाहीत. त्या थोड्यांसाठी आपल्या नियमांत आज दारच नाही, आणि ते असायला हवं.

कायदा आज काय सांगतो?

भटक्या कुत्र्यांबाबत आज लागू आहेत ते २०२३ चे ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम’, म्हणजे एबीसी नियम. ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आले आणि २००१ च्या जुन्या नियमांची जागा त्यांनी घेतली. या नियमांत दयामरणाची परवानगी दोनच प्रकारच्या कुत्र्यांना आहे: बरा न होणारा आजार असलेलं आणि प्राणघातक जखमी झालेलं. तेही पशुवैद्यकाने, पेंटोबार्बिटल या औषधाने, दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही.

आता धक्का बसेल अशी गोष्ट. रेबीजचा दाट संशय असलेलं कुत्रंही या नियमांनुसार मारायचं नसतं. त्याला वेगळं ठेवायचं आणि नैसर्गिक मरण येईपर्यंत थांबायचं. रेबीजने मरण कसं येतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात दया कुठे आहे, हा प्रश्न पडल्याशिवाय राहणार नाही.

आणि रेबीज नाही, पण कुत्रं हिंस्र आहे असं आढळलं तर? मग ते प्राणी कल्याण संस्थेकडे द्यायचं, संस्थेने त्याच्यावर उपचार आणि ‘पुनर्वसन’ करायचं, दहा दिवसांच्या निरीक्षणानंतर ते परत सोडता येतं. पुनर्वसन म्हणजे काय, कोणी करायचं, ते झालं हे कशावरून ठरवायचं, यावर नियम गप्प आहेत. मी इंजिनीअरिंग शिकलो. तिथे अशा वाक्याला ‘स्पेसिफिकेशन’ म्हणत नाहीत, सदिच्छा म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या गुंत्यात हात घातला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडा, अपवाद फक्त रेबीजची लागण किंवा संशय असलेल्या आणि आक्रमक वागणाऱ्या कुत्र्यांचा. व्याप्तीही देशभर वाढवली. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असंही सांगितलं. म्हणजे आक्रमक कुत्रं रस्त्यावर परत येणार नाही, एवढं ठरलं. ‘आक्रमक’ कोणाला म्हणायचं, याची व्याख्या ऑगस्टच्या आदेशात नाही. आणि निवाऱ्यात त्याने किती दिवस राहायचं? मरेपर्यंत, असाच अर्थ निघतो.

उत्तर प्रदेशाने सप्टेंबर २०२५ मध्ये तो अर्थ उघडपणे कागदावर आणला. विनाकारण पहिल्यांदा चावा घेतला तर दहा दिवस केंद्रात आणि अंगात मायक्रोचिप. दुसऱ्यांदा चावलं तर आयुष्यभर कोंडून ठेवायचं, कोणी लेखी हमी देऊन दत्तक घेतलं तरच सुटका. सोशल मीडियावर ‘कुत्र्याला जन्मठेप’ म्हणून मीम्स झाले. पण चावा ‘विनाकारण’ होता की नाही हे समितीने ठरवायचं, कुत्र्याची ओळख चिपने पटवायची, हे त्यातले दोन मुद्दे मला पटतात. निदान मोजायला सुरुवात झाली.

मारून पाहिलंय, मुंबईने

‘मारा’ म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास वाचावा. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. पुढे स्वातंत्र्यानंतरही महापालिका कित्येक दशकं कुत्री मारत राहिली, विजेचा धक्का देऊन. १९९४ च्या सुमारास ते थांबलं, कारण संख्या कमी होत नव्हती. एक कुत्रं गेलं की त्याच्या उकिरड्यावर दुसरं येतं. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, गोव्यातून आलेल्या प्रकरणासह, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने उपद्रवी भटकी कुत्री मारण्याचा अधिकार पालिकांना आहे असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

सरसकट मारणं हा संख्येवरचा उपाय नाही, हे यातून दिसतं. पण एखादं ठरावीक, वारंवार माणसांना फाडणारं कुत्रं हा संख्येचा प्रश्न नव्हेच. दोन्ही प्रश्न एकाच पोत्यात भरल्यामुळे आपली चर्चा तीस वर्षं तिथल्या तिथे फिरतेय.

आक्रमकता मोजता येते का?

येते, बऱ्यापैकी. पशुवैद्यक आणि श्वानप्रशिक्षक इयान डनबार यांनी चाव्याची सहा पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली आणि जगभरचे प्रशिक्षक ती वापरतात. पहिल्या पायरीत कुत्रं गुरगुरतं, अंगावर येतं, पण दात लागत नाहीत. दुसरीत दात लागतात, कातडीला भोक पडत नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार भोकं, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथीत जखम त्याहून खोल, कुत्रं धरून ठेवतं किंवा झटके देतं. पाचवीत असे खोल चावे एकामागून एक. सहावीत माणूस दगावतो.

यामागचा विचार सोपा आहे. कुत्र्याच्या जबड्यात किती ताकद आहे हे त्याला ठाऊक असतं. घाबरलं, चिडलं तरी बहुतेक कुत्री ती ताकद राखून वापरतात. हा ताबा पिल्लू असताना, भावंडांशी खेळताना येतो. डनबार यांच्या मते जवळपास सगळ्या घटना पहिल्या दोन पायऱ्यांत मोडतात आणि तिथे सुधारणेची आशा चांगली असते. तिसरीतही असते, मात्र मेहनत लागते. चौथीपासून ती झपाट्याने घसरते, कारण मोठ्या कुत्र्याला हा ताबा नव्याने शिकवणं अतिशय अवघड आणि शिकवणाऱ्यासाठी धोक्याचं. पाचव्या आणि सहाव्या पायरीला ते दयामरणच सुचवतात.

एक सावधगिरी. ही मोजपट्टी कुत्र्याच्या भविष्याबद्दल सांगते, तुमच्या रेबीजच्या धोक्याबद्दल नाही. नुसतं खरचटलं आणि रक्त आलं नाही, तरी लस घ्यावीच लागते.

‘सुधारणे’त नेमकं करतात काय?

आधी दुखणं शोधतात. कान सडलेला, कंबर दुखणारी, दात किडलेला कुत्रा हात लावला की चावतो. दुखणं गेलं की कित्येकदा चावणंही जातं. पिल्लं असलेली मादी जवळ येणाऱ्यावर धावते. पिल्लं मोठी झाली की शांत होते. हे आक्रमक कुत्रं नव्हे, आई आहे.

मग भीतीवर काम. ज्या गोष्टीने कुत्रं बिथरतं, समजा मोटारसायकल, ती इतक्या लांब ठेवायची की त्याला दिसेल पण ते भडकणार नाही. त्याच वेळी आवडीचं खाणं. अंतर आठवड्याआठवड्याने कमी करायचं. काहींना चिंता कमी करणारं फ्लुओक्सेटिनसारखं औषध, तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. तोंडाला मुसकं घालायची सवय. काठी, शॉक देणारा पट्टा यांनी काम बिघडतं: मार खाणारं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि इशारा न देता चावायला शिकतं.

याला महिने लागतात, एक माणूस एका कुत्र्यामागे लागतो. आपल्याकडची एबीसी केंद्रं शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस कुत्रं ठेवण्याच्या हिशेबाने उभी आहेत. तिथला कर्मचारी दिवसभर पकडणं, धुणं, ड्रेसिंग यात बुडालेला असतो. त्याच्याकडून ‘पुनर्वसन’ मागणं म्हणजे पंक्चरवाल्याकडून इंजिन बांधून मागण्यासारखं आहे.

तरी सुधारणा थोतांड नाही. अमेरिकेत फुटबॉलपटू मायकेल विक याच्या कुत्र्यांच्या झुंजीच्या अड्ड्यावर २००७ मध्ये छापा पडला, पन्नासच्या आसपास पिटबुल सापडले. ही कुत्री सुधारणार नाहीत, मारून टाका, असं ‘पेटा’सारखी संघटनाही म्हणत होती. न्यायालयाने प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करवली. आक्रमकतेमुळे मारावं लागलं ते एकच. सर्वांत अवघड बावीस कुत्री यूटामधल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’ या संस्थेत गेली आणि त्यातली कित्येक पुढे घरांत राहिली. मला या गोष्टीतून दोन आकडे लक्षात ठेवावेसे वाटतात. वाचलेली पन्नासाच्या जवळपास, आणि न वाचलेलं एक. तपासणी केली नसती तर दोन्ही कळले नसते.

कोंडून ठेवणं ही दया आहे का?

सगळ्यात सोयीचा मार्ग हाच दिसतो. कोणाला मारल्याचं पाप नाही, कोणाला चावण्याची भीती नाही. पण चार बाय सहाच्या पिंजऱ्यात, शेजारी दिवसरात्र भुंकणारी चाळीस कुत्री, माणसाशी संबंध फक्त पाण्याचा पाइप आणि जेवणाचं भांडं घेऊन येणाऱ्या हातापुरता. घाबरट कुत्रं तिथे आणखी बिघडतं. गोल गोल फिरतं, स्वतःचेच पाय चावतं. दहा वर्षं हे चालवायचं आणि त्याला जीवदान म्हणायचं, हे मला मान्य होत नाही. शिवाय त्या एका पिंजऱ्यात दहा वर्षांत किती कुत्र्यांचं निर्बीजीकरण झालं असतं, हा हिशेबही कोणी मांडत नाही.

मोकळी जागा, जाणकार माणसं आणि पैसा असलेला निवारा असेल तर जरूर ठेवा. तसे निवारे बोटांवर मोजण्याइतके असतात.

मग संपवायचं कोणाला?

माझ्या मते फक्त त्याला, ज्याने डिवचलं नसताना पाचव्या किंवा सहाव्या पायरीचा हल्ला केलाय, किंवा चौथ्या पायरीचा पुन्हा केलाय. ज्याची ओळख चिपने किंवा फोटोने पक्की आहे. ज्याचं दुखणं तपासून झालंय. आणि ज्याला घ्यायला सक्षम संस्था लेखी तयार नाही. निर्णय एकट्या अधिकाऱ्याचा नको. पालिकेबाहेरचा पशुवैद्यक, प्राणी संस्थेचा प्रतिनिधी, आणि कारणं लिहिलेला कागद, जो कोणालाही मागता येईल.

यावरचा सर्वांत सबळ आक्षेप मला ठाऊक आहे: एकदा दार उघडलं की सोसायटीतल्या भांडणात नको असलेलं प्रत्येक कुत्रं ‘आक्रमक’ ठरेल. भीती खरी आहे. तुर्कस्तानने २०२४ मध्ये कायदा करून आक्रमक आणि आजारी भटक्या कुत्र्यांना मारण्याची मुभा दिली, तेव्हा तिथेही लोक याच भीतीने रस्त्यावर उतरले. पण आज दार बंद आहे म्हणून काय होतंय? रात्री कोणीतरी बिस्किटात विष घालतं. त्यात चावरं एक आणि गरीब सहा मरतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पकडलं कोण जातं, ते तुम्हीच आठवून पाहा.

केरळात जून २०२३ मध्ये कन्नूर जिल्ह्यात अकरा वर्षांचा मुलगा भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात गेला. बोलता न येणारं मूल, मदतीला हाकही मारू शकलं नाही. त्यानंतर तिथली जिल्हा पंचायत हिंस्र कुत्र्यांना दयामरण देण्याची परवानगी मागत सर्वोच्च न्यायालयात गेली. अशा पंचायतीला ‘कुत्र्याचं पुनर्वसन करा’ हे उत्तर पुरेसं नाही.

कुत्रं पाळीव असेल तर?

तर आधी मालकाकडे बघा. लखनौत जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. महापालिकेने कुत्रं निरीक्षणाखाली ठेवलं आणि दोन आठवड्यांनी अटी घालून परत दिलं. सहाव्या पायरीचं कुत्रं, परत घरी! केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी आणायचा प्रयत्न केला. कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं ते परिपत्रक महिन्याभरात रद्द केलं. जातीवर बंदी हा मला आळशी उपाय वाटतो. ब्रिटनमध्ये तो १९९१ पासून चालू आहे आणि तिथे नवनवीन जाती यादीत घालत बसावं लागतं. तिथली दुसरी तरतूद मात्र घेण्यासारखी आहे: न्यायालय कुत्र्याला मरणाची शिक्षा सुनावून ती अटींवर रोखून धरू शकतं. मुसकं, पट्टा, नसबंदी. अट मोडली तर शिक्षा लागू.

आपल्याकडे कुत्र्याबाबत निष्काळजी मालकाला कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजारांत आज त्या जातीचं पिल्लूसुद्धा येत नाही.

तुम्हाला किंवा घरात कोणाला कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ते झालं की पालिकेकडे तक्रार लेखी करा, फोनवर नको. वेळ, जागा, जखमेचा फोटो, कुत्र्याचा फोटो, कानाला निर्बीजीकरणाची खाच आहे का, आणि त्याआधी काय घडलं: कोणी दगड मारला होता का, जवळ पिल्लं होती का. तुमच्या भागातल्या त्या कुत्र्याची फाइल याच कागदापासून सुरू होते.